पहाट किती वाजता होते?



"यंदा रेल्वेबद्दल काहीतरी लिहा," असे आपल्या स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पूल, बोगदे असे काही असावे. मी डिप्लोमा केलेला परमनंट वेचा माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच नोकरीची वीस वर्षे गेली. इतिहासाशी माझा संबंध शाळेतल्या सनावळीपुरताच. पण एका प्रश्नाने मला बरीच वर्षे पछाडले आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मी हळूहळू इतिहासात शिरलो. प्रश्न साधा आहे : लवकर उठणे म्हणजे नेमके किती वाजता उठणे?

महाराष्ट्रातून गुवाहाटीला आलेल्या प्रत्येकाने पहिल्या सकाळी एक धक्का खाल्लेला असतो. खिडकीतून लख्ख ऊन आलेले, रस्त्यावर माणसांची वर्दळ, आपण दचकून उठतो, "अरे बापरे, नऊ वाजले वाटतं" म्हणून घड्याळ बघतो तर पाचसुद्धा वाजलेले नसतात. मी २००५ च्या जूनमध्ये इथे ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हा माझेही तेच झाले. मी काय केले? उठून खिडकीला चादर बांधली आणि पुन्हा झोपलो. मिरजेजवळच्या आमच्या गावी सुट्टीत साडेसातला उठणारा मुलगा मी, त्यातून हॉस्टेलवर रात्री एक-दीडपर्यंत जागायची सवय. सूर्याने साडेचारला उगवायचे ठरवले असेल तर तो त्याचा प्रश्न, अशी माझी समजूत होती.

वर्षभर ही समजूत कशीबशी टिकली. मग २००६ चा मे महिना आला. पावसाळ्यापूर्वी खडी चाळण्याचे काम, म्हणजे आमच्या भाषेत डीप स्क्रीनिंग, चालू होते. हे काम सुपरवायझर हजर असल्याशिवाय करायचे नसते. गँग पहाटे पाचला जागेवर हजर झाली. मी पावणेआठला पोचलो. वीस माणसे फावडी-घमेली बाजूला ठेवून झाडाखाली बसलेली. आमचे मेट, म्हणजे आपल्याकडचे मुकादम, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी काही न बोलता रुळाला लावलेला थर्मामीटर दाखवला आणि म्हणाले, "साहब, अब पटरी गरम हो गया. आज नहीं होगा."

ज्यांचा रेल्वेशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्लीचे रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब केलेले असतात, त्यांना लाँग वेल्डेड रेल म्हणतात. उन्हाने तापले की त्यांना लांबायचे असते, पण लांबायला जागा नसते, आणि तो सगळा दाब खडीने धरून ठेवलेला असतो. रूळ तापलेला असताना खडी काढली तर तो कधी बाजूला सरकून वाकडा होईल याचा नेम नाही, आणि वाकड्या रुळावर गाडी आली तर काय होते ते सांगायला नको. म्हणून तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेले की ट्रॅकला हात लावायचा नाही, असा नियम आहे. त्या वेळी मर्यादा अजून ओलांडलेली नव्हती, पण उघडलेला ट्रॅक पुन्हा भरून बंद करायलाही वेळ लागतो, आणि तेवढ्यात ऊन थांबणार नव्हते. मेटचे बरोबर होते. वीस माणसांचा एक दिवस फुकट गेला, आणि रजिस्टरमध्ये त्याचे कारण मला माझ्याच हाताने लिहावे लागले. काय लिहिले ते इथे सांगत नाही. जे लिहिले ते खरे नव्हते, एवढे मात्र सांगतो.

संध्याकाळी मी मेटच्या क्वार्टरवर गेलो. रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी चहा दिला आणि आपल्या लहानपणाची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील अप्पर आसामात चहाच्या मळ्यात मजूर होते. मळ्यातले घड्याळ बाहेरच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे असायचे. मळ्यात नऊ वाजले की स्टेशनात आठ. गाडी पकडायची असेल तर एक तास वजा करायचा, हे तिथल्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असे. "हम लोग बगान टाइम में पैदा हुआ," ते म्हणाले. या बागान टाइमचे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले आणि तिथून माझ्या वाचनाला सुरुवात झाली.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्नच पडला नसता. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सुरू होतो. दिवस-रात्र मिळून साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची, दोन घटकांचा मुहूर्त. ब्राह्ममुहूर्त म्हणजे रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त, सूर्योदयाच्या सुमारे दीड तास आधी सुरू होणारा. म्हणजे तो पहाटे चारलाही असू शकतो, साडेपाचलाही असू शकतो, आणि जूनमध्ये गुवाहाटीत तर तीनलाच सुरू होतो. माझी आजी जात्यावर बसायची ती चांदणीच्या आणि कोंबड्याच्या भरवशावर. पुढे त्यात मिरजेच्या गाडीच्या शिट्टीची भर पडली. "गाडी गेली, उठा आता," असे ती म्हणे. घरात घड्याळ नव्हते, पण रेल्वेची वेळ घरात आली होती.

आणि ती देशभर अशीच आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा प्रत्येक शहराची आपापली वेळ होती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावात बारा. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, त्यामुळे मुंबई आणि कलकत्ता यांच्या घड्याळांत तासाभराचा फरक होता. गाड्या जवळपास धावत होत्या तोवर ठीक होते. मार्ग एकमेकांना जोडले गेले तेव्हा गोंधळ सुरू झाला. तोडगा म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. तिथे १७९२ पासून वेधशाळा होती, आणि मद्रास हे मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधल्या रेखांशावर येते. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. त्यामुळे मुंबईकराला घरच्या घड्याळाप्रमाणे गाडीला अर्धा तास आधी निघावे लागे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरालाच मद्रासची वेळ लावण्याचा प्रयत्न केला, पण मुंबईकरांनी तो हाणून पाडला. (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे गव्हर्नर.)

१८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरून ग्रिनिचचे रेखावृत्त जगासाठी ठरले, आणि १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश, मिर्झापूरजवळून जाणारा, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईला यामुळे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे न्यावे लागले. कलकत्त्याला चोवीस मिनिटे मागे यावे लागत होते, ते त्यांनी १९४८ पर्यंत मनावर घेतले नाही.

मुंबईत जे झाले ते आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. गिरण्यांमध्ये नुकतेच विजेचे दिवे आले होते. त्याआधी उजेड असेतो काम, अंधार पडला की सुट्टी. विजेमुळे दिवस लांबला आणि मालकांनी तो बारा तासांच्याही पुढे ताणला. त्यातच जानेवारी १९०६ मध्ये घड्याळ पुढे सरकले. भोंगा त्याच आकड्यावर वाजणार, पण सूर्याच्या हिशोबाने एकोणचाळीस मिनिटे आधी. हिवाळ्यातल्या अंधारात गिरणगावातल्या खोल्यांमधून कोकणातली, देशावरची माणसे उठून चालू लागणार. जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी याविरुद्ध काम बंद केले आणि दगडफेकही झाली. आमची वेळ परत द्या, एवढीच मागणी. शहरातल्या पुढाऱ्यांचा विरोध स्वाभिमानाचा होता, कामगारांचा झोपेचा होता, असे मला वाटते. महापालिकेने आपली घड्याळे पुन्हा मुंबई वेळेवर आणली आणि ही दुहेरी वेळ मुंबईत १९५५ पर्यंत चालली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे मुंबईत "कुठली वेळ? स्टँडर्ड की बाँबे?" असे विचारावे लागत होते.

इकडे आसामात गाडे बरोबर उलटे होते. ब्रिटिश मळेवाल्यांना दिसले की सरकारी घड्याळाप्रमाणे काम सुरू केले तर उजेडाचे पहिले दोन तास वाया जातात आणि संध्याकाळी पाने खुडायला दिसत नाही. त्यांनी आपले घड्याळ एक तास पुढे लावून टाकले. १९५१ च्या मळे कामगार कायद्यातही अशा स्थानिक वेळेला वाव ठेवलेला होता. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात साऱ्या देशाचेच घड्याळ एक तास पुढे होते. आसाम-बंगालच्या मार्गांवर १९४४ पासून अमेरिकन लष्कराच्या रेल्वे तुकड्या गाड्या चालवत होत्या, त्या याच वेळेवर. युद्ध संपले, घड्याळ मागे आले, बागान टाइम मात्र राहिला.

एकाच देशात, घड्याळ सूर्याच्या पुढे गेले म्हणून मुंबईचा कामगार भांडला, आणि ते सूर्याच्या मागे राहते म्हणून आसामचा माणूस आजही तक्रार करतो. दोघांचेही बरोबर आहे. गुवाहाटीची खरी वेळ आपल्या घड्याळाच्या सदतीस मिनिटे पुढे आहे आणि मुंबईची एकोणचाळीस मिनिटे मागे.

आता माझ्या झोपेकडे येतो. मेटच्या घरून परत आल्यावर मी निश्चय केला आणि दुसऱ्याच दिवसाचा साडेचारचा गजर लावला. उठलो. साडेअकराला मोटर ट्रॉलीवर बसल्या-बसल्या डुलकी लागली आणि ट्रॉलीमनने खांद्याला धरले म्हणून पडलो नाही. तिसऱ्या दिवशी गजर बंद करून झोपलो. असे दोन-तीनदा झाले. माझी चूक अशी की मी उठण्याची वेळ बदलत होतो, झोपण्याची नव्हे. रात्री बाराला झोपून साडेचारला उठणे म्हणजे लवकर उठणे नव्हे, नुसते जागरण.

मेटचा सल्ला सोपा होता : "पर्दा हटा दीजिए, और खाना जल्दी खा लीजिए." मी चादर सोडली, खाट पूर्वेच्या खिडकीकडे वळवली. इथे अंधार लवकर पडतो, म्हणून साडेनऊचे जेवण साडेसातवर आणले. दर तीन-चार दिवसांनी झोपायची आणि उठायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे घेतली, त्यापेक्षा जास्त नाही. उठल्याबरोबर तोंड धुऊन बाहेर पडायचे आणि उजेडात वीस मिनिटे चालायचे. रविवारीसुद्धा तेच, कारण एका रविवारच्या झोपेने चार दिवसांची कमाई जाते हे दोनदा अनुभवले. हे सगळे बसायला जवळजवळ सहा आठवडे लागले. यातले शास्त्र मला पुष्कळ नंतर कळले. डोळ्याच्या पडद्यात केवळ पाहण्यासाठी नसलेल्या, उजेडाची खबर मेंदूतल्या घड्याळाला देणाऱ्या पेशी असतात. सकाळचा उजेड ते घड्याळ पुढे नेतो, रात्रीचा मागे ओढतो. शरीरातल्या या घड्याळाच्या यंत्रणेवरच्या संशोधनाला २०१७ चे नोबेल मिळाले. आमच्या मेटना नोबेल मिळणार नव्हते, पण "पर्दा हटा दीजिए" यात त्यातले बरेच आले होते.

त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो. सवयीने पहाटे साडेचारला जाग आली. बाहेर मिट्ट काळोख. दिवा लावून बसलो तर आई घाबरून उठली. "काय रे, बरं वाटत नाही का तुला?" मी म्हणालो, "आई, मी आता लवकर उठतो." ती म्हणाली, "अरे, दूधवाला पण आला नाही अजून!" आठवड्याभरात मी तिथे सहा-सव्वासहाला उठू लागलो होतो, काही न करता. परत गुवाहाटीला आलो की चार-पाच दिवसांत पुन्हा पाच.

तेव्हा मी कागद घेऊन हिशोब मांडला. जूनमध्ये मिरजेला सूर्य सुमारे सहाला उगवतो, इथे साडेचारला. पूर्वी मी साडेसातला उठायचो, आता पावणेपाचला. पावणेतीन तासांची ही सुधारणा मी सगळीकडे सांगत सुटलो होतो. पण त्यातला दीड तास सूर्याचा होता. माझा स्वतःचा पराक्रम जेमतेम सव्वा तासाचा! घरी मी ही कबुली दिली तेव्हा पत्नीने मनापासून दाद दिली.

हे केवळ गमतीचे नाही. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेचा अभ्यास केला. सूर्यास्त तासभर उशिरा होत असेल तिथे मुले उशिरा झोपतात, शाळा मात्र ठरलेल्या वेळीच भरते, त्यामुळे झोप सरासरी अर्ध्या तासाने कमी होते, आणि त्याचा परिणाम शिक्षणावर दिसतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे आमच्या गावाकडच्या ज्या मुलांना आपण "आळशी, लोळत पडतो" म्हणून उठवतो, त्यांच्या आळसात घड्याळाचाही वाटा आहे. मी स्वतः त्यातलाच एक होतो, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहिले.

मग आसामला वेगळी वेळ द्यावी का? २०१४ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी राज्यभर बागान टाइम आणण्याची घोषणा केली, पुढे काही झाले नाही. २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने वेगळ्या वेळेची याचिका फेटाळली. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दोन वेळांचा प्रस्ताव मांडला आणि सीमा सुचवली ती आपल्याच रेल्वेवर, बंगाल-आसामच्या चिंचोळ्या हद्दीवर. तिथे रेल्वेमार्ग थोडे असल्याने न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच ठिकाणी घड्याळ बदलले की भागेल, असे त्यांचे म्हणणे.

शास्त्रज्ञांचा मान राखून एक ट्रॅकवाला म्हणून माझे मत सांगतो. दोन स्टेशनमास्तर फोनवर एकमेकांना लाइन क्लिअर देतात, रजिस्टरमध्ये वेळ टाकतात, आम्ही ब्लॉक घेतो तो "दहा वीस ते बारा वीस" असा. एका सेक्शनच्या दोन टोकांना दोन वेगळ्या वेळा असतील तर कधीतरी रात्रीच्या ड्यूटीत एखादा पेंगुळलेला माणूस तास मिळवायच्या ऐवजी वजा करील. तो माणूस बहुधा माझ्यासारखाच असेल. त्यापेक्षा घड्याळ एकच राहू दे, शाळा आणि कचेऱ्या तासभर आधी उघडाव्यात. आमच्या गँगा पाचला हजर होतातच की, त्यासाठी कुणी घड्याळ बदलले नाही. सहकाऱ्यांपैकी काहींना हे पटणार नाही, हे ठाऊक आहे. ऑपरेटिंगवाल्यांनी उत्सवात भेटावे, वाद घालू.

आमचे मेट २०१३ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. जाण्याआधी मी त्यांना २००६ च्या त्या रजिस्टरमधल्या नोंदीची आठवण करून दिली आणि माफी मागितली. त्यांना नोंद आठवत होती. "साहब, उसके बाद तो आप कभी लेट नहीं हुआ," एवढेच म्हणाले.

जाता जाता आपल्या उत्सवाबद्दल एक. गणपतीची प्रतिष्ठापना मध्याह्नी करायची असते. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच भाग केले की तिसरा भाग तो मध्याह्न. आपल्याकडे बहुतेक घरी भिंतीवर महाराष्ट्रातून आणलेले कॅलेंडर असते आणि त्यातली वेळ मुंबई-पुण्याकडची असते. भाद्रपदात मुंबईचा मध्याह्न साधारण सव्वाअकराच्या पुढे सुरू होऊन पावणेदोनच्या पुढेपर्यंत चालतो. इथे गुवाहाटीत तो दहानंतर लगेच सुरू होतो आणि साडेबाराच्या सुमारास संपतो. गेल्या काही वर्षांत कुणाची गाडी लेट, कुणाचे नैवेद्याचे मोदक व्हायचे म्हणून आपण एक वाजता प्रतिष्ठापना केली आहे. तेव्हा मुंबईत मध्याह्न होता, आपल्या मांडवात तो टळून गेलेला होता. यंदा कार्यकारिणीने माझे ऐकून वेळ सकाळी साडेदहाची ठरवली आहे. गुरुजींना कळवले आहे. मूर्ती आणायला टेंपो सकाळी सातला निघेल, ज्यांना बरोबर यायचे आहे त्यांनी पावणेसातला कम्युनिटी हॉलपाशी जमावे. मी सहालाच तिथे असेन.